उभ्यानं का बसून?

जालिंदरबरोबरचा पहिला चहा मला अजून आठवतो. चहा मीच नेला होता, स्टँडवरच्या हॉटेलातून, किटली स्वतःच्या हातानं धरून. तरी त्यानं कपाकडं असं काही बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा कपाकडं, की माझाच त्या चहावरचा विश्वास उडाला.

"आधी तुमी घ्या," तो म्हणाला.

मी भीतभीत घोट घेतला. तो माझ्या घशाकडं बघत राहिला. घोट खाली उतरला आणि मी खाली पडलो नाही, एवढी खात्री पटल्यावर त्यानं आपला कप फुर्रकन संपवला.

"चेअरमननं धाडलंय न्हवं तुमाला?"

"छे छे! मी आपला सहज इकडून..."

"या हेरसायेब. खुर्ची न्हाई. टायरावर बसा."

माझी हेरगिरी अशी सुरू व्हायच्या आधीच उघडी पडली. पुढं ती दोन उन्हाळे चालली. जगातल्या सगळ्या माणसांवर संशय घेणाऱ्या या माणसानं, ज्याच्यावर संशय घ्यायला पुरतं कारण होतं त्या मला मात्र जवळ बसवून घेतलं. म्हणाला, "जे दिसतंय त्येचं भ्या न्हाई. तुमी कशाला आलाव ते ठावं हाय. बाकीच्यांचं ठावं न्हाई."

मी तेव्हा आमच्या गावच्या सोसायटीत कारकून होतो. गाव येडशीपासून सायकलनं जाण्याइतकं लांब आणि सायकल नसेल तर फारच लांब. ऐंशीनंतरची वर्षं. सोसायटीनं हार घालून, नारळ फोडून दोन ट्रॅक्टर आणले आणि जणू तेवढ्यासाठीच थांबल्यासारखा पाऊस निघून गेला. नांगरायला रान होतं, पण पेरायला ओल नव्हती. ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहिले. त्यांच्यावर ड्रायव्हर आणि मिस्त्री अशा दोन्ही कामांना नेमलेला जालिंदर त्यांच्या शेजारी बसून राहिला. पगार चालू, काम बंद. मग एके दिवशी दुपारी त्या शेडमधून असा काही आवाज आला की समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं पट्टा तुटला समजून गिरणी बंद केली.

गावात बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं, शेडमध्ये जनावर अडकलंय. कुणी म्हणालं, जालिंदर ट्रॅक्टरचे भाग कापून विकतोय. आमचे चेअरमन अण्णा म्हणाले, "वाजवणं वरवरचं आसतंय. आत मीटिंगा चालत्यात. दुष्काळी कामावरच्या मजुरांचा संघ काढायलेत हे. दत्ता, तू जा. तुझ्या तोंडाकडं बघून कुणाला संशय यायचा न्हाई."

हे कौतुक नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

आत मीटिंग नव्हती. आत होती सांगाडा पार्टी.

हे नाव जालिंदरनंच ठेवलेलं. काळ्या सदऱ्यांवर चुन्यानं बरगड्या रंगवून ते दोघं वाजवायचे. दोघं म्हणजे जालिंदर आणि रज्जाक. असलं भेसूर नाव कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "येडशीपस्तोर रस्त्यानं जाऊन या. दोन्ही अंगाला काय दिसतंय? मोर नाचत्यात का?" मेलेल्या गुरांचे सांगाडे मीही रोज बघत होतो. त्यांचा सदरा करावा असं मला सुचलं नव्हतं.

जालिंदर बेंजो वाजवायचा. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यावर टाइपरायटरसारख्या कळा. लग्नात वाजतो तोच. पण याच्या बेंजोला त्यानं एका मोडक्या टेलिफोनातलं लोहचुंबक बसवलेलं, तिथून वायर एका कर्कश अँप्लिफायरला, अँप्लिफायर ट्रॅक्टरच्या बॅटरीला आणि आवाज निवडणुकीतल्या भोंग्याला. मधल्या वाटेवर त्या आवाजाचं काय व्हायचं देव जाणे. तारेतून गोड निघालेला सूर भोंग्यातून बाहेर पडताना दात काढून यायचा. मी म्हणालो, "आवाज फाटतोय." तो म्हणाला, "फाटाया पायजे. शिवलेला आवाज रेडिओवर लागतोय की रोज."

रज्जाक पंक्चरवाला. तो खड्ड्यात उभा राहायचा. ट्रॅक्टरच्या पोटाखाली जाऊन काम करता यावं म्हणून शेडमध्ये माणूसभर खोल खड्डा खणलेला होता. त्यात डिझेलचं रिकामं पिंप उपडं घातलेलं, पिंपाला काठी, काठीपासून पिंपापर्यंत एक तार. रज्जाक ती तार ओढून सोडायचा आणि लगेच तळव्यानं पिंपावर थाप मारायचा. आवाज जमिनीखालून पायात शिरून गुडघ्यापर्यंत यायचा. बाहेरून बघणाऱ्याला फक्त जमिनीतून वर आलेलं एक डोकं जोरजोरात हलताना दिसायचं. गिरणीवाल्याच्या बायकोनं ते डोकं एकदा पाहिलं आणि नंतर आठवडाभर पीठ द्यायला ती एकटी बसली नाही.

"दत्तूभाई, खाली बैठके क्या करते? कुछ तो बजाव," रज्जाक मला म्हणाला आणि खिळ्यांच्या रिकाम्या डब्यात मूठभर तुरी टाकून डबा माझ्या हातात दिला. मी खुळखुळा वाजवू लागलो. माझा ताल असा होता की जालिंदर मध्येच थांबून शांतपणे विचारायचा, "हेरसायेब, ह्ये तुमी आमच्या गान्याला वाजवायलाव का दुसरं कुटलं याद आलंय?"

तरी मला काढलं नाही. हेर हातात काहीतरी घेऊन बसलेला बरा, असा त्याचा हिशेब असावा.

माणूस सगळ्या अंगानं संशयी. बेंजो वाजवताना डाव्या हातावर दस्ती, आपला खिशातला रुमाल, टाकायचा, म्हणजे बोटं कुठल्या कळेवर पडतात ते कुणाला दिसू नये. शेडच्या कडीला तारेची गाठ मारून जायचा आणि सकाळी ती गाठ आपलीच आहे का ते बघायचा. डिझेलचा कॅन आला की आधी थोडं डिझेल काचेच्या बाटलीत ओतून उन्हात धरायचा. तळाला पाणी दिसलं की ओरडायचा, "टाकीत एक तांब्या पानी गेलं तर इंजिन मरतंय, कळतंय का? झाकण उघडं ठिवू नका! कुनी बी येऊन वतंल!" हे तो इतक्या मोठ्यानं आणि इतक्या वेळा ओरडायचा की गावातल्या लहान पोरांनाही इंजिन कशानं मरतं ते पाठ झालं होतं.

मी त्याला पहिल्या दिवशी सवयीनं 'तू' म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्यानं पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "आपुन एकाच वयाचे. म्या तुमाला तुमी म्हंतो. आता तुमी मला तुमी म्हना, न्हाईतर म्या बी तू म्हंतो. कसं बी चालंल." मी चटकन 'तुम्ही'वर आलो. माझ्याशी 'तू' करणारे गावात आधीच पुष्कळ होते.

आणि त्याचा एक ठरलेला प्रश्न होता. कुणी वाजवायचं आमंत्रण घेऊन आलं की नाव, गाव, तारीख काहीही विचारण्याआधी तो विचारायचा, "उभ्यानं का बसून?"

समोरचा गोंधळायचा.

"उभ्यानं आसंल तर जमत न्हाई. वरातीच्या म्होरं जमत न्हाई. दाराशी जमत न्हाई. आमी वर बसनार, लोक म्होरं बसनार. जेवन सगळ्यांच्या पंगतीत. आता बोला."

पुष्कळ लोक इथंच उठून जायचे. मला वाटायचं, ही कलावंताची मिजास आहे. तसं मी अण्णांना सांगितलंही. माझ्या हेरगिरीतल्या ज्या बातम्या साफ चुकीच्या निघाल्या त्यांत हिचा नंबर वरचा.

खरं काय ते शेडसमोरच्या लिंबाखाली बसलेलं असायचं.

रोज दुपारी एक म्हातारा माणूस खांद्यावर घागर घेऊन तिथं यायचा. टँकरच्या रांगेत नंबर लावून येता-जाता विसावा घ्यायचा. स्वच्छ धोतर, स्वच्छ टोपी, ताठ पाठ. आणि ती पाठ शेडकडं. आत इतका गोंगाट चालायचा, पण मान एकदाही वळायची नाही. ते जालिंदरचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत.

रज्जाकनं मला खड्ड्यातून सांगितलं. कोणे काळी आबांची हलगी पंचक्रोशीत नावाजलेली. पण ते वाजवणं आवडीचं नव्हतं, गावकीचं होतं. कुणाचं लग्न, कुणाची मयत, कुणाच्या बैलाची मिरवणूक, आबांनी हलगी घेऊन दारात उभं राहायचं, सगळ्यांच्या पुढं चालायचं आणि जेवायच्या वेळी सगळ्यांच्या मागं, लांब बसायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन साली घरानं धम्म घेतला. त्या दिवशी आबांनी हलगीचं लाकडी कडं मोडून चुलीत घातलं आणि त्या जाळावर भाजलेल्या भाकरी घरातल्या सगळ्यांना खाऊ घातल्या. लहानग्या जालिंदरनंही खाल्ली. त्यानंतर त्या घरात कुणी साधं ताटसुद्धा वाजवलं नाही.

"अब बोलो," रज्जाक म्हणाला, "उस घर का लडका बाजा ले के बैठा. बाप को शक नहीं आयेंगा?"

एकदा मी पाणी प्यायला बाहेर आलो तेव्हा आबांनी मला हाक मारली. "तुमी आत आसता. खरं सांगा. बसूनच वाजवतो न्हवं?"

"बसूनच आबा."

"कुनी चालवत न्हाई न्हवं त्येला?"

"नाही हो. उलट चालायला सांगितलं तर तो माणसाला हाकलून लावतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बापलेकांची बघण्याची तऱ्हा एकच होती, चहाचा कप दिल्यासारखी. "आज हाकलतोय," ते म्हणाले. "वाजवनारा चांगला आसला की लोकांला वाटतंयच, ह्येला जरा म्होरं चालवावं. आदी गोड बोलत्यात. मग बसायची जागा हळूच काडून घेत्यात. म्या बगितलंय."

हे मी जालिंदरला सांगितलं. हेर दोन्ही बाजूंचा झालो की मला जरा महत्त्व आल्यासारखं वाटायचं. तो बराच वेळ कळा पुसत राहिला.

"आबांनी एकदा तोंड फिरवून बसावं," तो म्हणाला. "बास. दुसरं काय न्हाई मागनं."

इकडं अण्णांकडं माझ्या बातम्या जातच होत्या. पार्टीचं सगळ्यात गाजलेलं गाणं जालिंदरनं स्वतः रचलेलं. दुष्काळात विहीर आटली म्हणून विहिरीतली हडळ घागर घेऊन टँकरच्या रांगेत येऊन उभी राहते. पण हडळीचे पाय उलटे. त्यामुळं ती रांगेत यायली का रांगेतून जायली हेच कुणाला कळेना आणि भांडण जुंपतं.

"हडळ उभी टँकरला,
पाय उलटे, तोंड सुलटं,
नंबर द्यावा कुनाला?"

मी अण्णांना हे म्हणून दाखवलं. खुळखुळ्यासकट. अण्णांचा चेहरा बारीक झाला.

"हडळ म्हंजी कोन?"

"हडळ म्हणजे... हडळच असेल अण्णा."

"नुसती हडळ कशाला येईल टँकरला? काहीतरी मेख हाय. टँकर म्हंजी आपला टँकर. आधी आपल्या आडात रिकामा हुतोय त्येच्यावर हाय ह्ये."

टँकर आधी अण्णांच्या आडात अर्धा रिकामा होतो हे गावाला माहीत होतं, पण अण्णांनी ते स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदाच कबूल केलं. ही एवढी मोठी बातमी मिळूनही ती कुणाला सांगायची हे मला कळलं नाही. हेर मुळात त्यांचाच होतो. जालिंदरला विचारलं तर तो म्हणाला, "हडळ म्हंजी हडळ. चोराला लागतंय त्येला म्या काय करू?"

पार्टीचं नाव हळूहळू लांब गेलं. धाराशिवच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला पोरांनी बाकं मोडली, म्हणजे कार्यक्रम चांगला झाला. मग मुरुमच्या एका कापडवाल्या शेटजींचा निरोप आला. दुकानाचं उद्घाटन. निरोप मीच घेतला आणि शेटजींनी "या, बसा, सगळी व्यवस्था आहे" असं लिहिलेलं वाचून मी ठामपणे सांगितलं, "बसून आहे."

पिंप एसटीच्या टपावर, भोंगा मांडीवर, अशी आम्ही उमरग्यावरून मुरुमपर्यंत मजल मारली. तिथं बसायची व्यवस्था होती, पण गिऱ्हाइकांची. आम्हाला शेटजींनी दुकानाच्या पायरीखाली, गटाराच्या कडेला उभं राहायची जागा दाखवली. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत म्हणाले, "इल्ली, हितं. लोक आत जाताना वाजवा, बाहेर येताना वाजवा."

जालिंदरनं पिंप उचललं. रज्जाकनं भोंगा उचलला. आत जिलेबी तळली जात होती. तिचा वास मला अजून येतो.

"जालिंदर," मी म्हणालो, "एवढं लांब आलोय. एक दिवस उभं राहिलं तर काय पाय झिजतात?"

तो थांबला. रागावला नाही. म्हणाला, "तुमचं बराबर हाय. एक दिवसच आस्तोय त्यो. माझ्या आज्याला बी कुनीतरी एक दिवसच म्हनलं आसंल."

परतीच्या एसटीत मी कुणाशी बोललो नाही. उपाशी होतो म्हणून, असं मी दाखवलं.

आणि मग अण्णांच्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही धाराशिवचे, मोठे, सहकारातलेच. त्यांच्या पोरांनी गॅदरिंगला सांगाडा पार्टी ऐकलेली. त्यांनी हट्टच धरला. अण्णांनी मला बोलावलं. "तुझं त्येच्याशी बरं हाय. ठरवून ये."

मी गेलो. जालिंदरनं विचारलं, "उभ्यानं का बसून?"

मी परत गेलो. अण्णा म्हणाले, "बसून."

मी परत गेलो. "स्टेज आसंल का? खुर्च्या? पंगत?"

मी परत गेलो. अण्णा एका दमात म्हणाले, "स्टेज, खुर्च्या, पंगत, समदं. लिहून देऊ का?"

इतक्या लवकर हो म्हणणारे अण्णा मी त्याआधी पाहिले नव्हते. मला आनंद झाला. जालिंदरला संशय आला. "चेअरमन एका दमात हो म्हनला? मदी खोकला बी न्हाई?" तो दोन दिवस विचार करत होता. शेवटी हो म्हणाला, कारण लग्न गावात होतं आणि मांडव लिंबाच्या समोरच्याच मैदानात पडणार होता. आबा रोज बसायचे त्याच लिंबाच्या.

लग्नाच्या सकाळी मी लवकर गेलो. अण्णांच्या वाड्यामागं टँकर आला होता, नेहमीसारखी रांग होती आणि आबा रांगेत पुढंच उभे होते. तिथंच शेजारी सोसायटीचा एक ट्रॅक्टर फुलांच्या माळा घालून उभा केलेला. अण्णांच्या पुतण्यानं तो पहाटेच शेडमधून काढून आणला होता. नवरदेवाला मिरवायला असेल, असं मी समजलो आणि आबांनाही तसं सांगितलं. "आणि आपलं स्टेज बघा आबा, काय सजवलंय!" आबांनी स्टेजकडं बघितलं. मग ट्रॅक्टरकडं बघितलं. मग दोघांच्या मधल्या रस्त्याकडं. मी घाईत होतो. मला चुन्याच्या बरगड्या रंगवून घ्यायच्या होत्या.

स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली होती. पांढऱ्या चादरी, लाल झालर, वर तीन खुर्च्या. जालिंदर ती बघून जागीच थांबला.

"ट्रॉली कशाला?"

"दुष्काळात स्टेजला लाकूड कुठून आणू बाबा?" अण्णा म्हणाले. पटण्यासारखं होतं. जालिंदरला काहीच पटण्यासारखं नसायचं. त्यानं ट्रॉलीला फेरी मारली, वाकून खाली बघितलं, चारही चाकांना दगड लावले आणि मगच वर चढला.

परण्या निघायची वेळ झाली. परण्या म्हणजे नवरदेवाची मारुतीच्या दर्शनाला निघणारी मिरवणूक. घोडं आलं, फटाके आले, व्याह्यांची माणसं फेटे सावरत उभी राहिली. आणि मांडवाच्या मागून तो फुलांचा ट्रॅक्टर फटफटत आला, मागं सरकला आणि पुतण्यानं ट्रॉलीच्या आकड्यात पिन ठोकली. दुसऱ्यानं पायानं दगड उडवले.

मला वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. मी उत्साहानं खुळखुळा वाजवायला लागलो. एकटाच.

"अण्णा, ह्ये काय?" जालिंदर उठून उभा राहिला.

अण्णा हसत होते. भोवतीची माणसंही. "आरं, बस की! बसून म्हनलास, तू बसूनच हायेस. खुर्ची हाय, स्टेज हाय. चालतंय ते चाक. तुला कोन चालवतंय?"

हशा झाला. गोड हशा. नवरदेवसुद्धा मुंडावळ्यांच्या आडून हसला. आणि मला एकदम कळलं की एवढे दिवस हेर मी होतो आणि एवढं एक मात्र मला कळलं नव्हतं.

जालिंदरनं समोर बघितलं. रस्त्यापलीकडं लिंबाखाली आबा उभे होते. बसलेले नव्हते, उभे. घागर हातात. पाठ आमच्याकडं.

त्यानं दस्ती काढली आणि खिशात कोंबली. बेंजोची वायर सोडवायला लागला. नोकरी गेली, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. रज्जाक पिंपाला मिठी मारून म्हणाला, "हौ जालिंदरभाई, उतरते. मुरुम में भी उतरे ना." तेवढ्यात पुतण्यानं गिअर टाकला. ट्रॉलीला हिसका बसला. मी खुर्चीसकट मागं गेलो. ट्रॉली हातभर पुढं सरकली, अजून हातभर, आणि ट्रॅक्टर खोकला. काळा धूर, मग पांढरा धूर. पुन्हा खोकला. मग तो असा गप्प झाला की घोड्याच्या घुंगरांचा आवाज ऐकू आला.

पुतण्यानं चावी फिरवली. कुर्र. पुन्हा कुर्र.

"जालिंदर, उतर! बघ काय झालंय!" अण्णा ओरडले.

जालिंदर वायर हातात धरून एक क्षण उभा राहिला. मग ती परत जोडली. खुर्ची सरळ केली. बसला. गाण्याचा माइक तोंडाशी ओढला आणि भोंग्यातून त्याचा आवाज अख्ख्या मैदानावर गेला.

"आज म्या वाजवनारा हाय, अण्णा. मिस्त्री सुट्टीवर हाय."

आणि कळांवर बोटं पडली.

पुढचं मी सांगून खरं वाटणार नाही. अण्णा हातवारे करत होते, पुतण्या बॉनेट उघडून आत तोंड घालून बसला होता आणि ट्रॉली जिथं होती तिथंच होती. शेवटी व्याहीच म्हणाले, "राहू द्या हो चेअरमनसाहेब. आम्ही इथंच ऐकतो." ते ज्या सतरंजीवर बसले, तिच्यावर मग बाकीचेही बसले. नवरदेव घोड्यावर आमच्या समोर थांबला. दात काढलेला तो सूर, पिंपाची थाप, मध्येच कुठंतरी माझ्या तुरी. परण्याला हडळीचं गाणं म्हणू नये, पण पोरांनी मागितलं आणि जालिंदरनं म्हटलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. टँकरचं कडवं आलं तेव्हा अख्खं मैदान अण्णांकडं वळून बघत होतं.

मी लिंबाकडं बघितलं. आबांनी घागर जमिनीवर उपडी घातली. तिच्यावर बसले. आणि बसताना तोंड आमच्याकडं केलं.

जालिंदरचा एक सूर चुकला. त्याच्या हातून चुकलेला मी ऐकलेला तो एकच. त्या दिवशी हातावर दस्ती नव्हती.

संध्याकाळी त्यानंच ट्रॅक्टर उघडला. फिल्टरची वाटी काढली, उन्हात धरली. खाली पाणी होतं, चांगलं निम्मं. तो मान वर करून माझ्याकडं बघत राहिला. आणि दुसऱ्या दिवशी मी किटली घेऊन गेलो तेव्हा त्यानं माझ्या आधी कप उचलला आणि माझ्या आधी चहा प्यायला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, माझा ताल आता सुधारला असावा.

अण्णांनी पुष्कळ चौकशी केली. जालिंदर सकाळपासून ट्रॉलीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, त्याला धरता येईना, आणि दुसरा मिस्त्री गावात नव्हता म्हणून काढताही येईना. मलाही विचारलं. मी म्हणालो, मला काही माहीत नाही. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. ट्रॅक्टर रानात गेले, शेडमध्ये खताची पोती आली, खड्डा बुजला. रज्जाक सोलापूरला गेला. सांगाडा पार्टी मोडली असं कुणी म्हटलं नाही. तिला फक्त जागा उरली नाही. तोवर आबा मात्र रोज दुपारी यायचे, लिंबाखाली घागर ठेवायचे आणि शेडकडं तोंड करून बसायचे. मला पुन्हा कधी त्यांनी काही विचारलं नाही.

जालिंदर मला शेवटचा भेटला येडशी स्टेशनवर. मी बदली होऊन लातूरकडं निघालो होतो. तोही त्याच गाडीला आलेला, तिकीट सदऱ्याच्या खिशातून डोकावत होतं. केस पिकलेले. आबा त्या आधीच्या हिवाळ्यात गेले होते. बाकावर त्यानं मला जागा दिली आणि सवयीनं पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली.

"हेरसायेब," तो म्हणाला, "एक बोलायचं ऱ्हायलंय. त्या दिशी टाकीत पानी तुमी वतलं. म्या तवाच वळखलं हुतं. म्हनून बोललो न्हाई. पर तुमचे उपकार हायेत."

मला क्षणभर वाटलं, मान डोलवावी. आयुष्यात माझ्यावर असला संशय कुणी घेतला नव्हता. पण तोंडातून खरं तेच गेलं.

"पाणी? जालिंदर, त्या दिवसांत आमच्या घरी प्यायला पाणी नव्हतं. मी टाकीत ओतायला कुठून आणू?"

तो हसायला लागला आणि हसता हसता थांबला. गाडीची शिट्टी झाली. तो रुळांकडं बघत होता, पण रूळ बघत नव्हता.

"त्या रातीला घरात पानी न्हवतं," तो हळू म्हणाला. "बायकू करवादली. आबा म्हनले, घागर निसटली हातातनं. सांडलं."

मला लिंबाखालची उपडी घागर दिसत होती. त्यालाही तीच दिसत असणार. टँकरच्या रांगेत पहाटेपासून उभं राहून भरलेली घागर. आणि रोज लिंबाखाली पाठ करून बसलेल्या माणसाच्या कानावर पडत राहिलेलं ते ओरडणं, टाकीत एक तांब्या पाणी गेलं तर.

गाडी लागली. मी चढलो, खिडकीशी जागा धरली आणि त्याला हाक मारली. "अहो, चला! सुटतेय!"

तो आला नाही. गाडी हलली, तरी तो बाकावर बसून होता. हातातली दस्ती खाली पडली होती आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर उघडी पडत होती, एकेक कळ दाबल्यासारखी. मी पहिल्यांदाच ती नीट बघत होतो. सूर ओळखायचा प्रयत्न केला, पण मला तालाचंच कधी जमलं नाही, सूर कुठून जमणार. स्टेशन मागं मागं जात राहिलं. चालत होतो ते आम्ही. तो बसून होता, तोंड तेवढं गावाच्या दिशेला केलेलं.